पुढून मखमल

पुण्याहून मेल आला: दसऱ्याला सांगडीणीसाठी
नवा पोशाख हवा. सोनेरी. पंख असले तर उत्तम.
पंखांना खप असतो, असं निनादने खाली लिहिलं होतं
आणि पुढे एक हसरा चेहरा.

सांगडीण माझीच. तीन वर्षांपूर्वी गावभागात
याच टेबलावर तिचे खांदे पहिल्यांदा काढले,
जरा जास्तच रुंद, कारण ती माणसं ओढते पाण्यातून.
कमरेला दोर, पाठीवर दोन वाळके भोपळे,
पायात काही नाही.
चालते तेव्हा ओल्या पावलांचा आवाज येतो,
कोरड्या जमिनीवरसुद्धा.
जी जन्मभर खाली सूर मारते
तिला पंख कुठल्या हाडात रोवू?

तरी काढले. खोटं कशाला बोलू,
टॅबलेटचा हप्ता होता.
चार रात्री एकेक पीस. सुंदर झाले.
आणि सांगडीण त्यात
कुणाच्या तरी लग्नाला उसना शालू नेसून आल्यासारखी
अंग चोरून उभी राहिली.

पाचव्या दिवशी दस्तगीरचाचांच्या ड्रेपरीत गेले.
बोळातून, जिना चढून. डांबरगोळ्यांचा वास
आणि हँगरला टांगलेले राजे, एकावर एक.
पंख आहेत का, विचारलं.
"हैत की. परीचे, गरुडाचे,
एक जोड कोंबड्याचा, शाळेच्या ग्यादरिंगचा.
कुणाला पायजेत?"
सगळं सांगितलं. दोर, भोपळे, पाणी.
चाचा बराच वेळ टाचण्या वेचत राहिले.
"राजाला मुकुट कोण बी चढवतंय.
नावाडी उभा करायचा तर आधी
त्याची बाही किती दुमडायची ते बघावं लागतंय."

मग मागच्या दांडीवरून काढला एक अंगरखा:
जांभळी मखमल, छातीपर्यंत फिकी, मातकट,
वर तशीच गडद. मधे एक रेघ,
कुणी फुटपट्टी लावून आखावी तशी.
कुठल्या पुराची, ते मी विचारलं नाही.
"सात येळा धुतला. जाईना. मंग ठिवला.
आता हरलेल्या राजाला देतो.
लोक इचारत्यात, कापड कुठनं आणलंसा."

त्या रात्री पंख पुसले नाहीत,
दुसऱ्या फाइलीत नेऊन ठेवले.
सांगडीणीला दिला जांभळा अंगरखा,
बाह्या कोपराच्या वर,
आणि पोटरीशी एक रेघ.
तिचा जीव जसा कमी होईल
तशी रेघ वर चढेल. गुडघा. कंबर. बरगड्या.
हनुवटीला टेकली की खेळणाऱ्यानं समजावं.

निनाद म्हणाला, मस्तच, पण सोनं कुठंय?
दोन्ही विकायला ठेवू.
पंख किती खपले ते मी सांगणार नाही.

चाचांना फोनवर दाखवली तिला, घाट उतरताना.
"ही पाठ करून का चाललीया?"
म्हटलं, खेळात असंच असतं. खेळणारा कायम मागे.
तोंड क्वचितच दिसतं.
"म्हंजे पब्लिक पाठीमागं बसतंय?"

ते उठले. अंगरखा उलटा केला.
पुढून मखमल, मागून नुसतं मांजरपाट;
चाळीस वर्षं सगळ्या राजांची तीच गत.
त्या स्वस्त कापडावरून बोट फिरवत गेले
आणि छातीच्या उंचीवर थांबले.
रेघ तिथेही होती, तितकीच सरळ.

"नदीनं बघ," म्हणाले,
"दोन्हीकडनं सारखं काम केलंय."