उलटे आकडे

पिसुर्ल्याला आमच्याकडे पानंसुद्धा लाल होती.
दोरीवरची चादर, पेजेची वाटी, शाबीमावशीची म्हैस,
सगळ्यांवर खाणीची धूळ.
चौथीत बाईंनी भिंतीवर मंगळाचं चित्र लावलं
आणि मी उभी राहिले :
बाई, हे तर आमच्या घरामागचं.
वर्ग हसला. बाई नाही हसल्या,
त्या चित्राच्या जवळ जाऊन
बराच वेळ बघत राहिल्या.

त्या दिवशी ठरलं.

बाबांचं खाणीवरचं पिवळं हेल्मेट
मला नाकापर्यंत यायचं.
आत खोबरेल तेल, घाम, विडी.
तेवढ्या हवेवर श्वास धरून
मी विहिरीच्या काठावर आकडे मोजायची, उलटे,
आणि शून्याला उडी.
आई ओरडायची, गो चेडवा,
वर जायचं म्हणतेस आणि रोज खालीच जातेस!

बारावीनंतर अर्ज केला. आधी वैमानिक व्हावं लागतं
असं कुणीतरी सांगितलं होतं.
उंची ठीक. कान ठीक. डावा डोळा उणे पावणेचार.
डॉक्टरांचं पेन गळत होतं,
माझ्या नावावर निळा थेंब पसरला,
वरून दिसते तशी पृथ्वी—
हे आत्ता सुचतंय.
तेव्हा तो नुसता डाग होता
आणि परतीच्या बसला सुटे पैसे नव्हते.

मग खाणी बंद झाल्या.
टिपर उभ्या जागी गंजले.
दोन वर्षांत पानं हिरवी झाली
आणि वाण्याची वही जाड.
हेल्मेटात कोंबडी अंडी घालू लागली.

मी आता एक्केचाळीस.
डिचोलीत चष्म्याच्या दुकानात कामाला आहे,
लोकांना खालची ओळ वाचायला लावते.
कुणी चाचरलं तर हळूच सांगते,
घाई नाही, पुन्हा बघा.

घरामागचा मंगळ पाण्याने भरलाय.
हिरवं पाणी, तळ कुणी पाहिलेला नाही.
रविवारी राखणदार उगम गावस
मुद्दाम चहाला जातो
आणि मी कमरेला खनिजाचे गोटे बांधते,
एकेक तोलून, इतकेच
की बुडू नये, वरही येऊ नये.

दोन पुरुष खाली गेलं की
वजन म्हणून काही राहत नाही.
हात आपोआप उचलला जातो, जणू दुसऱ्या कुणाचा.
लाल गाळ उठतो, सावकाश,
परत बसायचं विसरून गेल्यासारखा.
चष्मा काठावर असतो,
त्यामुळे सगळंच लांबचं दिसतं.

दोराचं दुसरं टोक बाबांच्या मुठीत.
नव्वदपासून उलटे मोजायचं
आणि शून्याला ओढायचं, एवढंच शिकवलंय.
पण एकोणऐंशी आणि एकोणसत्तर
त्यांना जन्मात कधी वेगळे जमले नाहीत.
सत्तरच्या खाली उतरले की
ते पुन्हा एकोणऐंशीवर चढतात,
कधी दोनदा.

वर ते चुकत असतात.
खाली मला तेवढे आकडे जास्त मिळतात.