संदिग्ध हाक

उद्यमनगर, रात्रीचे साडेअकरा.
खालचे लेथ थंड पडलेत,
बिडाच्या चुऱ्याचा वास मात्र जिन्यानं वर येऊन
बसलाय कीबोर्डच्या फटींत.

कंपायलर म्हणतो: हाक संदिग्ध आहे.
उमेदवार दोन.
ओळ चाळीस. ओळ दोनशे अकरा.

दोन्ही शेजारी शेजारी मांडते.
तेच नाव. दोन आकडे घ्यायचे, एक परत द्यायचा.
मी लिहिलंय 'माप',
माझ्या आधीच्या इम्तियाजनं, तो आता पुण्यात असतो,
लिहिलंय साधं 'पूर्णांक'.
आणि सगळ्यात वर सांगून ठेवलंय स्वच्छ
की माप म्हणजे पूर्णांकच, दुसरं काही नाही.
यानं ते वाचलंय.
वाचूनही विचारतोय: यातला कोण?

अरे बाबा, कोण म्हणजे?
एकाच माणसाला दोनदा दारात उभं केलंय आम्ही.

मार्चात भट्टीवरच्या आप्पासोंचा फंड अडकला.
हजेरीपटावर आप्पासो धोंडी कुंभार,
आधारवर आप्पासाहेब.
खिडकीमागची मुलगी बिचारी दोनदा सॉरी म्हणाली,
सिस्टीम घेत नाही म्हणाली.
आप्पासो म्हणाले, "बाई, 'सो' म्हटलं
की त्यात साहेब आलाच की.
शाई वाचवायची पद्धत हाय ती आमच्याकडं."

मग बावड्याला कोर्टाबाहेर,
पाचशेचा स्टँप, टायपिंगचे वेगळे:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
अंगठा उठेना. बोटांवरच्या रेषा
भट्टीनं कधीच पुसून नेल्यात.
म्हणून सही केली त्यांनी, सावकाश, एकेक अक्षर दाबून:
'आप्पा'.
एवढंच.
वकील बघतच राहिला.

शोधल्यावर कळतं, दोष कंपायलरचाच.
नव्या आवृत्तीत म्हणे दुरुस्त केलाय.
पण आमचं मशीन जुनं, मालक जुने,
आणि सकाळी सहाला पहिली पाळी.
इथं स्टँप चालत नाही.
एक ओळ खोडावी लागणार.

इम्तियाजच्या ओळीवर कर्सर नेते,
थांबते,
माझीच खोडते.
का, ते विचारू नका. त्याची आधी होती, इतकंच.

कंपायलर गप्प. ना चूक, ना माफी.

खालून भरमू वॉचमनची हाक येते,
"ओ मॅडम! ओ ताई! कुलूप लावू काय?"
पोरींनी 'आले' म्हणावं, असं व्याकरण सांगतं.
"आलो, आलो," मी ओरडते.