शून्याची ओळ

शनिवारी दुपारी मी गोणी खांद्यावर टाकते
आणि वरच्या आळीपासून सुरुवात करते.
भरल्या गोणीनं चढण्यापेक्षा उतरणं बरं,
हे मला गुडघ्यांनी शिकवलं.

आमच्या डोंगरात आधण ठेवलं की
तांदूळ वैरण्याआधी बाई एक मूठ बाजूला काढते,
प्रभूची.
ज्याचा हात जेवढा, त्याची मूठ तेवढी.
घरात कुणी तोलत नाही.
तोलते मी, मंडळीच्या पायरीवर,
आणि वहीत मांडते:
साईथांगी, दोन किलो शंभर.
ह्रांगछुआनी, तीन किलो, खडे धरून.

दारथुआमीच्या ओळीत चौदा महिने शून्य आहे.

तिचा वान्नेइहा गेला, सुई अजून दंडातच होती.
पोरांनी कबर खणली, लाकडं आणली,
रात्रभर तिच्या घरात बसून ढोलावर गायली,
जशी कुणाही घरी बसतात.
पण छिंगखुमा वडील प्रार्थनेत म्हणाले,
"वाट चुकलेल्यांपासून, प्रभू, आम्हाला धडा मिळो."
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून तिचा मुठीचा डबा
खिडकीत पालथा.

उतारावरचं शेवटचं घर तिचं.
मी दार वाजवायची.
ती म्हणायची, "नाही."
मी म्हणायची, "बरं."
कधी पाणी द्यायची, कधी तेही नाही.

एका शनिवारी मला ते शून्य बघवेना.
रविवारी वही मोठ्यानं वाचतात ना, सगळ्यांसमोर.
माझ्याच डब्यातल्या पाच मुठी
तिच्या नावावर घातल्या.
खरं सांगते, फार बरं वाटलं स्वतःबद्दल,
भांडी घासताना गुणगुणत होते.

सोमवारी ती आली. आत नाही, उंबऱ्यापर्यंतच.
"माझ्या नावानं खोटं देऊ नकोस.
शून्य लिही.
त्याला शून्यही वाचता येतं."

मग माघ सरता सरता
नदीपलीकडची गावं जळाली.
माणसं रात्री पाण्यातून आली,
आणि नदीकडून चढून येणाऱ्याला
तिचं घर पहिलं लागतं.

वर सभागृहात बैठक चालली होती:
माणशी किती किलो, किती दिवस, किल्ली कुणाकडे.
मी कंटाळून गोणी उचलली
आणि अंधारात खाली उतरले.

तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती.
लुगडं पिळत बसलेली एक बाई.
वान्नेइहाचा निळा स्वेटर घातलेला मुलगा,
बाह्या गुडघ्यापर्यंत.
एक म्हातारा, काखेतली कोंबडी सोडायला तयार नव्हता.
आणि मागच्या पडवीत छिंगखुमा वडील,
बैठक सोडून केव्हा आले कोण जाणे,
लाकडं फोडत होते.
"बारीक करा," ती त्यांना म्हणाली,
"चूल लहान आहे माझी."
त्यांनी बारीक केली.
इतकंच. माफीबिफी मी तरी ऐकली नाही.

खिडकीतला डबा सुलटा झाला होता.
त्यातून एक पोर पेज पीत होतं.

शनिवारी मी वही उघडून तिच्यासमोर बसले.
कणगीचा तळ दिसत होता.
"काय लिहू?"
"बाजूला काढलंय का काही?"
"नाही."
"मग?"

मी लिहिलं.

रविवारी नावं वाचली गेली.
साईथांगी, एक किलो नऊशे.
ह्रांगछुआनी, अडीच.
दारथुआमी, शून्य.
मागच्या बाकावर कोंबडीवाला म्हातारा,
आमची बोली त्याला धड कळत नाही,
ओळखीचं एवढंच नाव ऐकलं त्यानं,
आणि तो उभा राहिला.