वीसपैकी

भौतिकशास्त्र विभाग, दुसरा मजला, नांदेड.
तिघांच्या समितीत मी तिसरा,
म्हणजे चहा कधी मागवायचा ते ठरवणारा
आणि प्रश्न उरलेच तर विचारणारा.
लेखीचे ऐंशी. मुलाखतीचे वीस.
वीसचे पुन्हा चार तुकडे, पाच-पाचचे:
विषयज्ञान, अभिव्यक्ती, आत्मविश्वास,
आणि चौथा, ज्याचा अर्थ मला अकरा वर्षांत कळलेला नाही,
'एकूण छाप'.

दुपारचे अडीच. बावीस जण झालेले.
बाहेर बाकड्यावर मांडीवर फायली घेऊन
कंधारचे, उमरीचे, धर्माबादचे, भोकरचे,
आतून आलेल्याला घेरून,
"काय विचारतेत रे?"
मुंजाजी दार उघडून नाव पुकारायचा
तहसीलीत पुकारतात तसं.

शेख नौशीन महेबूब. मुक्रमाबाद.
पहाटेच्या गाडीनं निघालेली.
ओढणीच्या टोकानं कपाळ टिपत बसली, न बसली,
तोच अध्यक्षांनी विचारलं, इंग्रजीतून,
उष्मागतिकीचा दुसरा नियम.
पहिलं वाक्य आलं.
दुसरं मध्येच थांबलं,
फाट्यावर काळीपिवळी थांबते तसं,
कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही.
अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.
तो आवाज मी ओळखतो.

मी आपलं विचारलं, घरी काय करता?

"डेअरीवर असते सर, अब्बांच्या संकलन केंद्रावर.
दोन्ही टायमाला लॅक्टोमीटर मीच बघते."
आणि मान वर झाली.
"शेजारच्या गायाबाई धार काढली की तसंच आणतेत,
ऊन ऊन दूध. लॅक्टोमीटर खोल बुडतं, आकडा कमी.
लोक म्हणायचे, पाणी घालती बाई.
तांड्यावरून फुलसिंग चव्हाण तासभर चालत येतेत,
हिवाळ्यात, कॅन गारठलेला.
आकडा जास्त, दर जास्त.
दोन वर्षं असंच चाललं.
अकरावीत मी कॉलेजातून थर्मामीटर मागून आणलं.
किती अंशाला किती मिळवायचं, किती वजा करायचं,
वहीत तक्ता केला.
आता गायाबाईला पुरे पैसे पडतेत."

मॅडम म्हणाल्या, छान.
अध्यक्ष म्हणाले, ते ठीक, पण दुसरा नियम?
ती म्हणाली, "येतो सर.
आत्ता येईना."

दार लागलं. पंख्याखाली कागद फडफडले.
तिच्या खुर्चीच्या पाठीवर
घामाचा ओला पट्टा होता, तो वाळेपर्यंत
आम्ही आकडे लिहून मोकळे झालो.
मी चौदा. अध्यक्ष आठ.
मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे,
आणि अकरा लिहिले.
सरासरीही अकराच आली. गणितात चूक नव्हती.
चौदाच्या जागी मी अठरा का लिहिले नाहीत,
याचं उत्तर मला येतं.
आत्ता येईना.

प्रतीक्षा यादीत ती चौथी.
तिघांनी जागा सोडल्या.

यंदा मी आतल्या कोपऱ्यात माठ ठेवून घेतलाय.
येईल त्याला म्हणतो, पाणी प्या,
पाचेक मिनिटं नुसते बसा.
कोणी खिडकीतून कडुनिंब बघतं,
कोणी ओठातल्या ओठात सूत्रं म्हणतं,
परवा एक जण चक्क पेंगला.
मुंजाजी घड्याळाकडे बोट करतो.
अध्यक्ष खोकतात,
"सर, अजून एकोणतीस राहिलेत."
मी म्हणतो, निवू द्या.

त्यांना वाटतं, मी चहाबद्दल बोलतोय.
वाटू दे.
माठानं होतं ते थोडंच,
कोणाला किती मिळवायचं, किती वजा करायचं
तो तक्ता माझ्याकडे नाही,
आणि ती वही, असलीच तर,
मुक्रमाबादला, दुधाच्या शिंतोड्यांनी भरलेली,
काट्याच्या बाजूला उघडी.