गट क्रमांक चार

मुलुंडच्या मिठागरांमागे, खाडीच्या अंगाला,
भरतीला चिकट नि ओहोटीला पांढरं पडणारं एक मैदान आहे.
तिथं वर्षातून एकदा मातीतल्या शर्यती लागतात.
नावनोंदणीचं टेबल माझं :
पावतीपुस्तक, सुतळीने बांधलेलं पेन,
कागद उडू नयेत म्हणून क्लचची जुनी प्लेट.

बैठक दातारांच्या टायरच्या दुकानात.
शटर अर्धं खाली, बसायला टायर.
परवानगी साडेपाचपर्यंतची.
पाण्याचा टँकर दोनच खेपांचा.
रुग्णवाहिका तासाच्या भावाने.
'एक गट काढावा लागेल,' दातार म्हणाले,
आणि सगळे माझ्या यादीकडे बघू लागले,
जणू ती मी लिहिली नव्हती, व्याले होते.

गट चार : टू-स्ट्रोक स्कूटर.
नोंदी तीन. नियम पाचाचा.
बस्त्याव परेरा, मनोरी.
इद्रिस मुकादम, कुर्ला पाइप रोड.
वृंदा म्हाप्रळकर, नाहूर, गाडी वडिलांची.

'काढायच्या बाजूने कोण?'
कानामागचं पेन घ्यायला माझा हात वर गेला होता,
तोच मोजला.
मी दुरुस्त केलं नाही.
उशीर झाला होता, घरी कणीक भिजवून ठेवली होती,
आणि हिशेबाने बघितलं तर
ते बरोबरच होतं.

फोन मीच केले.
इद्रिस म्हणाला, बरं झालं, पिस्टन तसाही गेलाय.
त्याच्या मागे इंजिन चालू होतं,
घड्याळासारखं.
वृंदाने विचारलं, बाकीच्या गटांत किती जण आहेत?
मी आकडे सांगितले. तिने लिहून घेतल्यासारखं वाटलं.

बस्त्याव पैसे परत घ्यायला स्वतः आला.
स्कूटरचं इंजिन उजव्या कुशीत असतं,
म्हणून तीस वर्षं ती चालवलेला माणूस
पायी चालतानाही जरासा डावीकडे कलतो.
साडेतीनशे मोजून घेतले, मग म्हणाला,
'बाय, पावतीवर कारण लिव.'
मी लिहिलं : गट रद्द.
'आमी आलो नाय असं नको वाटाया कोणाला.'
मी खाली लिहिलं : स्पर्धक हजर होते.
सही केली. शिक्काही मारला.

रविवारी लाउडस्पीकरवर तीननंतर थेट पाच.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
तिघं कुंपणाबाहेर उभे होते,
तिघांच्या हातात हेल्मेटं,
दुकानात पिशवी धरावी तशी.

चारशे पन्नासवाले उडाले, पडले, टाळ्या घेऊन गेले.
टँकर दुसरी खेप टाकून निघाला.
पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही आवरलंसुद्धा :
वीस मिनिटं उरली होती.

वीस मिनिटं.
स्कूटरच्या सहा फेऱ्यांना चौदा लागतात.

वृंदाची गाडी सुरू होईना.
तिने ती कलती केली, धरून ठेवली,
आजाऱ्याला पाणी पाजताना मानेखाली हात देतात तशी,
मग किक. मग किक.
तिसऱ्या किकला निळा धूर,
आणि मैदानभर जळक्या तेलाचा तो वास
की गाड्या टेम्पोत चढवणारी पोरंही थबकली.

तिघं सर्व्हिस रोडला लागले. हळू, एकामागे एक.
घड्याळ माझ्या गळ्यातच होतं.
मी दाबलं नाही.

यंदाच्या छापील यादीत पाचाचा चार झाला आहे.
चोख दिसतं. फट कुठे उरलेली नाही.
आणि ४२ नंबरची, न वापरलेली पिवळी पाटी
माझ्या मोरीतल्या पिंपावर झाकण आहे,
अगदी मापाची.