मुकुट, नग एक

बाबांच्या ड्रेपरीच्या वहीत तो असाच नोंदलेला :
मुकुट, नग एक, पितळी पत्रा, खडे बारा.
बारावर काट. पेन्सिलीने अकरा.
त्यावर पुन्हा काट. नऊ.

पणजीत मळ्याला आमचं दुकान, एका दाराचं.
मोठ्या भरतीला गटारातून खाडी वर यायची,
म्हणून राजे वरच्या फळीवर, राक्षस त्याहून वर,
खाली नुसत्या तलवारी.
त्या तशाही गंजलेल्याच होत्या.

कार्तिकात जत्रा लागल्या की मुकुटाला घर नसे.
आज मांद्र्याला, उद्या सावईवेऱ्याला,
फेरीबोटीतून, सायकलच्या हँडलला अडकून.
पहाटे परत यायचा
तेव्हा त्याला पेट्रोमॅक्सचा, घामाचा आणि
खाज्याचा वास.

जानेवारीत नदीपलीकडे, तीन राजांच्या फेस्ताला.
टेकडी चढणाऱ्या तीन घोड्यांपैकी
मधल्या घोड्यावरचा आमचा.
मग कार्निव्हाल. त्या राजाचं डोकं भोपळ्याएवढं;
सुतळीने हनुवटीखाली बांधून दिला, म्हटलं
हात हलवा, मान हलवू नका.

आणि कायतान. तियात्रात तो भाटकार,
स्वप्नात राजा होणारा, एका कांतारापुरता.
भाडं पूर्ण रात्रीचं देई.
मुकुट परत करायला स्वतः यायचा, खिशात अर्धी बाटली,
आणि काल लोकांनी न मागितलेला वन्स मोर
दुकानात, आम्हा दोघींसमोर, गाऊन दाखवायचा.
मी आणि आई. आई तोंडाला पदर लावून.

एकसष्टच्या आधी कधीतरी
एक काब आला, पट्ट्यात अंगठे खोचून.
काठीच्या टोकाने मुकुट उचलून त्याने विचारलं,
कुठल्या राजाचा हा?
बाबा म्हणाले, जो भाडं देईल त्याचा.
काब हसला की नाही
हे बाबा दर वेळी वेगळं सांगत.

वहीत सगळ्यांना आडनाव.
एकीलाच नाही.
केसर, म्हार्दोळ. भाडं आगाऊ जमा.
बायकांच्याच नाटकमंडळीत ती राजा व्हायची,
मिशा स्वतःच्या आणायची, डबीत, कापसावर निजवून.
मुकुट तिला सैल. बाबा कागद घडी करून
अस्तराखाली कोंबत, बोटाने चाचपत,
पुन्हा काढत, पुन्हा कोंबत.
त्या दिवशी आई दुकानात येत नसे.
सहा वर्षं केसर, म्हार्दोळ.
सातव्या वर्षाचं पान आहे, नाव नाही.

परवा जुगाराच्या बोटीवरून एक मुलगा आला,
छान शर्ट. बल्ब लागणारा मुकुट आहे का?
नाही म्हटलं. तो फोनकडे बघत जिना उतरला.
(जिना म्हणजे दोनच पायऱ्या, पाण्यासाठी वाढवलेल्या.)

आज एक बाई आल्या, शाळेतल्या,
सोबत चौथीतली मुलगी. हीच राजा, म्हणाल्या,
मुलग्यांना संवाद पाठ होत नाहीत.
मुकुट घातला तो थेट नाकावर.
आतून आवाज आला, अंधार आहे.

अस्तर उसवलं.
वर मराठी पेपर, निवडणुकीचा.
त्याखाली रोमी अक्षरांत कोकणी, कुणाच्या तरी मिसेची जाहिरात.
तळाशी पोर्तुगीज, तपकिरी,
बोट लावताच तुटणारा : बंदरात आलेली जहाजं, तारखा.
आणि दोन थरांच्या मध्ये
केसांचा एक आकडा, गंजून कागदाला चिकटलेला.
कागदावर त्याचाच तांबूस ठसा.

तो होता तिथे राहू दिला.
आजचा पेपर घडी केला, न वाचता, आत घातला, चाचपला,
काढला, पुन्हा घातला.
जड आहे, मुलगी म्हणाली.
मी म्हटलं, मान ताठ ठेव, मग नाही वाटत.
खरं तर वाटतं.

वहीत लिहिलं :
मुकुट, नग एक, खडे सात.
मुलीने नाव सांगितलं, रेणवी.
आडनाव विचारायचं राहिलं.
पुढे ताळगाव लिहिलं.