बेवारस वस्तू

लोहगावला पहाटे पावणेपाचला
एवढी माणसं जागी असतात, मला माहीत नव्हतं.
ट्रेमध्ये घड्याळ ठेवलं, मोबाइल, चष्म्याचं घर,
लेकीसाठी मेतकुटाचा डबा.
पुढचे गृहस्थ कमरेचा पट्टा काढून
एका हातानं पँट सावरत चालले होते.
कुणी हसलं नाही. इथे कुणी हसत नाही.

पडद्याआड ती म्हणाली, हात ऊपर.
खिशावर नाव : मिनती बेहेरा.
यंत्र काखेखालून गेलं, गप्प राहिलं.
हात मात्र थांबला.
डाव्या बाजूला.

ये क्या है?

आता हे हिंदीत कसं सांगायचं?
मराठीतही कुणाला सांगितलेलं नाही,
धाकट्या जावेला नाही, समोरच्या सबनीसांना नाही.
विकत मिळतात म्हणे, सिलिकॉनचे, डब्यात घालून.
मी लेकीची तान्हेपणीची उशी उसवली,
मलमलीची पिशवी शिवली, दोनदा टीप मारली,
आणि अंदाजानं मोहरी भरली.
अंदाजानंच. उजवीचं वजन कोण करतं?

मोहरी, मी म्हणाले. राई. सरसों.
सोरिष? तिनं विचारलं,
दोन बोटांनी दाणे चाळवून पाहिले.
हमारे यहाँ तकिया में भरते हैं,
बच्चे का सिर गोल होने को.
आमच्याकडेही, म्हटलं.
मग थोडं थांबून ती म्हणाली,
मशीन में डालना पड़ेगा, मॅडम.

तीस वर्षं मी बँकेत लॉकर सांभाळले.
आधी माझी किल्ली फिरवायची,
मग गिऱ्हाइकाची फिरू द्यायची,
आणि पाठ करायची.
एक बाई दर सोमवारी यायच्या,
उघड्या लॉकरशी दहा मिनिटं कुजबुजायच्या.
काय, ते मी ऐकलं नाही.
न बघण्याचा पगार होता मला.

आणि कोरेगाव पार्कात, त्या शनिवारी,
मी रस्त्यापलीकडे रिक्षा शोधत होते.
त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.
आवाजानंतर कितीतरी वेळ
कुणाकुणाचे मोबाइल वाजत होते,
उचलत कुणी नव्हतं.
ही बॅग कुणाची, असं कुणी विचारलंही असेल.
उशिरा.

म्हणून हुज्जत घातली नाही.
पाठ करा, एवढंच म्हणाले, मराठीत.
मिनतीनं पाठ केली.
तिच्या मानेवर केसांची पिन
वाकडी बसली होती. हुक काढता काढता
मी तेवढंच बघत राहिले.

दोन लॅपटॉपच्या मधून पिशवी आत गेली.
मी मान लांब करून पाहिलं :
पडद्यावर नारिंगी गोळा, कडेला दाणेदार.
याआधी माझ्या आतली अशी छबी
डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर लावली होती,
तेव्हा हे खिडकीबाहेर बघत होते.

पलीकडे एका पोरसवदा जवानानं ती उचलली,
तळहातावर तोलली, जशी मी तोलली होती,
आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं :
ये किसका है?

मिनती लगबगीनं बाहेर आली,
काहीतरी बोलणार होती.
त्याआधी मीच म्हणाले, माझं.
माझं आहे ते.

फार मोठ्यानं झालं बहुतेक.
पट्टेवाल्या गृहस्थांनी वळून पाहिलं,
मग एकदम आपल्या बुटांत पाहू लागले.
जवानानं पिशवी दोन्ही हातांनी दिली,
प्रसाद द्यावा तशी, कान लाल करून.
मी ती पर्समध्ये टाकली. पदर तिरका घेतला.
परत पडद्याआड गेले नाही.

विमानाच्या रांगेत शिरल्यावर आठवलं,
मेतकुटाचा डबा तिथेच राहिला,
पट्ट्याच्या टोकाला, एकटा.
आता विचारत असतील,
कुणाचा.